काना

रात्री पावणेदोनला हवालदार घाडीगावकर त्यांना घेऊन आले.
हाताला धरून नाही, दोन पावलं मागे राहून,
शाळेतल्या बाईंच्या मागे चालावं तसं.
"शिवडीच्या जेट्टीवर होत्या. चिखलाकडे तोंड करून
हजेरी घेत होत्या पाखरांची.
पाखरं नव्हती, मॅडम."

डायरीत 'धोका'पाशी त्यांचं पेन अडलं.
कोळीवाड्यात कुणाला तरी फोन लावून
भरतीची वेळ विचारली,
मग लिहिलं : आहे.

डॉक्टर मखीजा एकतीस तास जागे.
आज वार कोणता, त्यांनी विचारलं.
"तुम्ही सांगा," इंदुमतीबाई म्हणाल्या,
"डोळे बघा स्वतःचे."
फॉर्मवर उमटलं : आजाराची जाणीव नाही.

दुसरं मत माझं. ते स्वतंत्र हवं,
कायदाच आहे तसा.
पहिला कागद टेबलावर उताणा पडला होता.
मी तो पालथा घातला,
वाचून झाल्यावर.

पहाटे भाऊ आला, चप्पल दोन पायांत दोन.
"तीस दिवस ना? वाढवता येतात?
सोळा तारखेला बिल्डरकडे सह्या आहेत."
लिफ्टपर्यंत गेला, परत आला :
"दूध सोसत नाही तिला. कोराच द्या चहा."
प्रतिनिधी म्हणून त्याचंच नाव.
कुठलं वाक्य धरायचं त्याचं,
याला रकाना नाही.

घरी ठेवता आलं असतं का?
आलं असतं. कुणीतरी रात्रभर दाराशी बसायला हवं होतं.
व्याख्यांच्या कलमात
'कुणीतरी' सापडला नाही मला.

मी लिहिलं : सहाय्याची नितांत गरज.
बाईंनी माझ्या हातातून पेन घेतलं
आणि 'स'ला काना दिला.
"साहाय्य. इतकी वर्षं लिहिताय."
मग विचारलं, सही कुठे करू?
"तुमची लागत नाही," मी म्हटलं,
आणि पंखा उगाच एक नंबरने वाढवला.

बाईमाणूस, म्हणून तीन दिवसांत मंडळाला कळवायचं.
कळवलं.
मंडळाच्या वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सारून
कागद उजेडात धरला.
"ही खाडाखोड कुणाची?"

पेशंटची, मी म्हटलं.

"मग इथे त्यांची सही घ्या.
खाडाखोडीला लागते."