अस्तर

कुताइसीच्या मंडईमागे माझं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा.
चेन बिघडलेल्या बॅगा, दात गेलेले रनर,
उसवलेले बंद. छत्तीस वर्षं झाली.
गेल्या हिवाळ्यात भाडं झेपेना, म्हणून
खिडकीकडची अर्धी जागा एका चित्रकार बाईला दिली.
माक्वाला तिचं नाव. चेहरे काढत नाही.
म्हणते, कुणी बघतंय म्हटलं की
चेहरा आवरून बसतो.

ती लोकांना सांगते, पिशवी ओता.
टेबलावर पडेल ते कोळशानं काढते,
खाली नाव लिहिते,
झालं त्या माणसाचं चित्र.

बस चालवणारा वाझा:
सूर्यफुलाच्या बिया, तडा गेलेला फोन,
बायकोनं दिलेली यादी. मीठ, कोथिंबीर, बल्ब.
तारीख मार्चची. तेव्हा ऑक्टोबर चालू होता.
दातांची डॉक्टर त्सियाला:
तीन पेनं, तिन्ही कोरडी,
आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा.
कशाला, तिलाच ठाऊक नाही.
कॉलेजातला सांद्रो आला ऐटीत:
बुद्धिबळाचा वजीर, जाडजूड फ्रेंच कादंबरी, चांदीचा लायटर.
माक्वालानं लायटर पेटवून पाहिला. पेटला नाही.
तरी काढला.
फक्त त्याची सावली काढली नाही.

मी सुईत दोरा ओवत ऐकायचो. मनात हसायचो.
लोक ओततात ते ओतण्याजोगं.
माझ्याकडे पिशवी रिकामी करून आणतात,
आणि तरी ती रिकामी नसते.
शिवण उसवली की कळतं
अस्तरात काय काय घरंगळून गेलंय.

लामारा करकचेरीतली, तिसऱ्या मजल्यावरची.
तिचं चित्र सगळ्यांना आवडलं:
चष्म्याचं घर, अत्तराची कुपी,
इस्त्रीचा रुमाल, दोन किल्ल्या,
सगळं एका ओळीत, फायलीच जणू.
महिन्याभरानं तीच बॅग माझ्या मांडीवर.
चेन गेलेली, तळ उसवलेला.
आत हात घातला तर साखरेच्या पुड्या.
स्टेशनच्या कँटीनमध्ये कपाबरोबर देतात त्या.
एकोणीस मोजल्या.
काही दगड झालेल्या, एक कालपरवाची.
लामारा चहा बिनसाखरेचा पिते हे अख्ख्या गल्लीला माहीत,
आणि गाडीनं ती कुठे गेल्याचं
कुणी पाहिलेलं नाही.

माक्वालाला हाक मारणार होतो. तोंड उघडलंही.
सांगणार होतो, तुझं चित्र अर्धंच आहे गं बाई.
मग नुसतंच विचारलं,
दोरा काळा घेऊ की तपकिरी?
पुड्या होत्या तशा आत सरकवल्या,
तळ शिवला, दुहेरी टीप मारली.
चार लारी झाले.
लामारा पैसे मोजता मोजता म्हणाली,
तळाशी हाताला काही लागलं नाही ना?
म्हटलं, सुई. दोनदा.

परवा माक्वाला माझ्याकडे वळली.
ये जुम्बेर, आता तुझी पाळी.
मी पक्कड मांडली, मेणाचा गोळा, रनरची डबी.
ती म्हणाली, ही तुझी हत्यारं. खिसे दाखव.
उजव्यातून एक नाणं निघालं, एक माचिस.
डाव्यात हात घातला तो थेट मांडीला लागला.
किती दिवसांचं भोक, कोण जाणे.
छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं शिवतोय मी!
मी हसलो. ती हसली नाही.
म्हणाली, आठव, काय ठेवायचास त्यात?

अजून आठवतोय.
तिनं टेबलावर वीतभर जागा मोकळी ठेवलीय,
कागदावरही तेवढीच.
संध्याकाळी दिवा मालवताना नजर तिकडे जाते.
मग रिओनीच्या पुलावरून घरी जातो
खाली बघत, रोजच्यासारखा.
म्हणजे, रोजच्यापेक्षा जरा सावकाश.