जहाज उतरतंय

तारीख तीनदा पुढे ढकलली.
आधी मार्च, मग जून,
मग म्हणे वादळातलं पाणी खरं वाटत नाहीये, अजून थांबा.
थांबलो.
आमच्या हेमाए बेटावर वादळातलं पाणी
खिडकी उघडली की दिसतं, फुकट.
आम्हाला विचारायचं होतं.

आज सप्टेंबरची बावीस.
जहाज उतरतंय. एकेचाळीस टक्के.
फ्रीझिंग प्लँटमधून आले ती तशीच बसले,
बोटांना हॅडॉकचा वास,
हेडफोनलाही आता तोच.

खलाशी चार.
आउस्ग्रीमुर जाळी दुरुस्त करतो,
खऱ्या बोटीत त्याला उलट्या होतात,
म्हणून तोफा त्याच्याकडे.
बोगुमिल, पट्ट्यावर माझ्या समोरचा,
दिवसभर मासे सोलताना मुका,
रात्री मात्र पोलिश शिव्यांचा धबधबा.
मी एयदीस, सुकाणूवर.
आणि अल्जीयर्सचा मस्सिनिसा,
ज्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही,
पण ज्याच्या गल्लीतला कोंबडा माझ्या ओळखीचा:
तिकडे चारला आरवतो, माझ्याकडे तेव्हा तीन.

लूट कशी वाटायची यावरून उन्हाळाभर भांडलो.
बाजारात तुरी!
जहाज नाही, समुद्र नाही,
आणि बोगुमिलला एक हिस्सा जास्त हवा,
कारण तळातलं पाणी तोच उपसणार.
जहाजाचं नाव ठरायला अकरा दिवस लागले.
शेवटी कँटीनच्या बाईचं ठेवलं, रान्वेग,
जिच्याकडे दुसऱ्यांदा सूप मागायची
कुणाची छाती नाही.

साठ टक्के.

आई दाराशी आली, हातात पुठ्ठ्याचा खोका,
खोक्यात पफिनचं पिल्लू,
गावातल्या दिव्यांना चंद्र समजून रस्त्यावर पडलेलं.
उजाडलं की कड्यावरून सोडू, म्हणाली.
मग पडद्याकडे बघत: हे चाचे कुठले?
कुठलेच नाहीत गं, खेळातले.
आपल्याकडे आलेले कुठले होते, ते माहितीये ना?

माहितीये. इथे पोराटोरांना माहितीये.
शाळेतून त्या गुहेपाशी नेतात,
आत शंभर माणसं लपली होती म्हणे
आणि बाहेर एक कुत्रं घुटमळत राहिलं,
म्हणून सापडली.
चारशे वर्षं होत आली. दोन-अडीचशे माणसं बांधून नेली,
अल्जीयर्सच्या बाजारात विकली.
लहानपणी जेवले नाही तर मला
बागुलबुवा नाही, क्षितिज दाखवायचे.

हे मी मस्सिनिसाला तीन वर्षांत सांगितलं नव्हतं.
कसं सांगणार? तो मध्येच सुकाणू धरतो,
मी चहा करून येईपर्यंत.
आज ब्याऐंशी टक्क्यांवर सांगून टाकलं.

हेडफोनमध्ये नुसता त्याचा पंखा.
बराच वेळ.
मग तो म्हणाला, आमच्या बंदरावरही गोळे पडलेत,
बऱ्याच झेंड्यांचे.
पण ते म्हणजे याचं उत्तर नाही.
पुन्हा पंखा.
मग म्हणाला, माझ्या आईच्या माहेरच्यांना
गल्लीत सगळे ‘बर्फवाले’ म्हणतात.
आमच्यात कुणी कधी बर्फ विकला नाही.
का म्हणतात, कुणालाच आठवत नाही.

आउस्ग्रीमुर खोकला.
बोगुमिल, शिवी न देता, पहिल्यांदाच:
मग कप्तान कोण?

त्र्याण्णव.
कप्तानाचं नाव घातल्याशिवाय जहाज हलणार नाही,
हे अटींमध्ये लिहिलंय, बाराव्या ओळीत,
मीच वाचून दाखवलं होतं जूनमध्ये, हसत.

नव्याण्णववर अडकलंय.
खोक्यात पिल्लू नखं घासतंय.
मस्सिनिसा म्हणतो, कुठल्या गावात उतरलोच
तर आधी दार वाजवायचं.
आउस्ग्रीमुर म्हणतो, मग आपण चाचे कसले?

अजून कुणाला काही सुचलेलं नाही.
कोंबडा आरवला.
तिकडे चार.