ळ ची जागा

डिसेंबरात सराफ्यात गराडू खाल्ला,
कढईतून नुकताच काढलेला, वर जीरावन.
घाई माझीच. टाळू सोलली.

दुसऱ्या दिवशी जीभ वर गेली चौकशीला
तर मधोमध काहीतरी होतं,
गुळगुळीत, टणक, अर्ध्या सुपारीएवढं,
कोणी ठेवून विसरल्यासारखं.

आठ दिवस कुणाला बोलले नाही.
ह्यांचा भाऊ तोंडाच्याच आजाराने गेला,
तेव्हापासून "गाठ" हा शब्द
आमच्या जेवणाच्या टेबलावर येत नाही.
रात्री सगळे झोपले की बेसिनच्या आरशात
मोबाइलचा दिवा धरून आ वासायची.
आपल्याच तोंडाचं छत
बासष्ट वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

पलासियाच्या दवाखान्यात
काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं.
वसुमती पिंपळखरे.
तिने लिहिलं, पिम्पलखरे.
मी म्हटलं, ळ.
ती म्हणाली, वही तो लिखा है.

डॉक्टर निगमांनी बोट फिरवलं, दोनदा दाबलं.
"हड्डी है आंटी. आपकी अपनी.
बरसों से होगी. कुछ नहीं करना."
पुढेमागे कवळी बसवायची झाली
तर मात्र घासावी लागेल, म्हणाले.
हातमोजे काढता काढता विचारलं,
माताजी को थी क्या?

आई वाण्याचा हिशेब करताना मध्येच थांबायची,
जीभ वर लावून, गाल किंचित आत.
आम्हा भावंडांना वाटे सुपारी लपवलीय.
दुपारी ती झोपली की तिचा डबा तपासायचो.
डब्यात नुसती बडीशेप.

रिक्षात बसले.
छप्पन दुकानाकडे वळणारी गर्दी, उन्ह,
ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी भिया भिया करत होता.
मी पुटपुटून पाहिलं:
केळ. नळ. बाळ. काळवेळ.
दर वेळी जीभ त्या हाडाशीच थबकत होती,
दिवसभर हिंदीत फिरून घरी आल्यासारखी,
छे, घरी नाही,
उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी.

म्हणजे घासलं,
की मी पिम्पलखरे होणार बहुतेक.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, काही नाही म्हणाले.
"कशाचं काही नाही?"
मी खिडकीपाशी गेले, उजेडाकडे तोंड करून
आ केला.
ते चष्मा शोधायला लागले.