टिपूस

आधी वाटलं, मे आहे.
सेहेचाळीसवर पारा गेला की नागपुरात
डोळ्यात पाणी उरतं कोणाच्या?
तोंडाला दुपट्टा, वरून गॉगल,
मानेवाड्यातून सिव्हिल लाइन्सपर्यंत स्कूटी,
रेती तर जाणारच.

पण श्रावण आला, गच्चीवर शेवाळ धरलं,
ऑफिसात रामटेकेबाईंच्या खुर्चीखालची फरशी पाझरायला लागली
आणि माझ्या पापण्यांआड मे तसाच.
खरेदीखत तपासताना चतुःसीमा पुसट व्हायच्या,
पूर्वेस नाला, पश्चिमेस रस्ता,
मध्ये मी, डोळे चोळत.

सदरच्या डॉक्टर नाझिमांनी
खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली.
पाच मिनिटं. डोळे मिटा, बोलू नका.
बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते.
मग पट्टी उजेडात धरून म्हणाल्या, चार.
चार काय?
चार मिलीमीटर. दहा तरी भिजायला हवी.
जमिनीची मापं वाचत नोकरी गेली माझी,
हे माप नवीन होतं.

काही गोळ्या चालू आहेत?
मी दाराकडे पाहिलं. लावलेलं होतं.
हो. रात्रीची एक. मनाची.
दहा महिने झाले.
विजेच्या बिलातला घोळ सापडावा तशी
त्यांनी मान हलवली.
ती गोळी कधीकधी आटवते पाणी, म्हणाल्या,
तोंडातलं, डोळ्यातलं.
तुमच्या त्या डॉक्टरांशी बोला.
आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

बंद कशी करीन?
आधीचं वर्ष आठवतं मला.
इतवारीत मिरची तोलणाऱ्याने
‘अजून काय देऊ’ एवढंच विचारलं
आणि मी तिथेच, पोत्यांच्या मधोमध, ढसाढसा.
लोकांना वाटलं, ठसका लागला.
तेव्हा पाणी रगड होतं माझ्याकडे,
फक्त सकाळी उठवत नव्हतं.
आता उठते. पोह्यांवर तर्री मागून घेते.
पापण्या तेवढ्या बोटाने सोडवाव्या लागतात.

गणवीर कूलरचं गवत बदलायला आला, म्हणाला,
खाट याच्या तोंडावर कायले ठेवता ताई,
वारा सरळ नाही घ्यायचा अंगावर.
डॉक्टर नाझिमांनीही हेच सांगितलं होतं,
सातशे रुपयांत.

मग पुन्हा मे. प्रणोतीचं लग्न, बेसा रोडचा हॉल.
पाठवणीला बायांनी पदर तयार ठेवलेले.
मागून कोणीतरी:
सख्खी मावशी, अन् डोळ्यात टिपूस नाही, पाहा न.
मी हॉलच्या मागे गेले.
मोठ्या कूलरची घरघर, मान वर,
दोन थेंब उजव्यात, दोन डाव्यात.
क्षणभर सगळं पाण्याखाली गेलं,
प्लेटांचा ढीग, जनरेटर, पांढरं आभाळ,
आणि त्या पाण्यातून एक शालू चालत आला.

मावशी, मलाही दे ना.
तुला कशाला?
व्हिडिओवाला दोनदा थांबलाय. येतच नाहीये मला रडू.
सकाळपासून नुसती बॅगेकडे पाहतेय,
कधी एकदा निघते असं झालंय.
मी तिची हनुवटी धरली.
काजळ सांभाळत, दोन, दोन.
हसू नकोस, सांडेल.
सांडलंच.

बाटलीवर छापलंय, उघडल्यापासून एक महिना.
मी सवयीने तारीख टाकते, खाली आद्याक्षरं.
महिना भरला त्या रात्री चंद्रपूरहून फोन.
मावशी, आज आलं गं.
काय?
रडू. कणीक मळत होते. कारण काहीच नाही.
खूप?
खूप.

ती हसली, मग हसली नाही.
बाटली केरात टाकायला उचललेली,
तशीच हातात.
मी विचारलं,
आणि सकाळी, सकाळी उठवतं ना?

पलीकडे तिच्या घरचा पंखा
बराच वेळ ऐकू येत राहिला.