कडी

विक्रोळीच्या या दोन खोल्यांतल्या
सगळ्या कड्या ह्यांनी पान्याने उचकटून काढल्या,
बाथरूमचीसुद्धा. आता आत कोणी असलं
की गाणं म्हणतं. बेसूर.

कुकर माळ्यावर, भात टोपात.
तरी शेजारची शिट्टी आली की
भैरू पलंगाखाली जातो
आणि हात ठेवतो, कानांवर नाही, डोळ्यांवर.

प्राजू नऊ वर्षांची. त्याची जीभ तीच.
"त्याला पाणी हवंय." "त्याला लाइट नकोय."
तिच्या उशीखाली चपात्या, बुरशी धरलेल्या.
मी ओरडले नाही.
ओरडले. एकदा. पहिल्या आठवड्यात.
मग तिच्या नावाचा डबा आणला.
मी रात्री भरते, ती सकाळी मोजते.

समितीच्या फॉर्मवरचा
'मुलांशी नाते' हा रकाना
मी अजून पेन्सिलीने भरते.

काल भाजीत मीठ विसरले.
प्राजूने पहिला घास भैरूला भरवला नाही,
स्वतः खाल्ला. तोंड वाकडं केलं.
"अळणी आहे."
तो मांडीवर मूठ आपटत वाट बघत राहिला.
दुसराही तिनेच खाल्ला.

मी मीठ आणायला उठले.
बरणी समोरच होती,
तरी बराच वेळ शोधत राहिले.