बजावणी

शिवाजीनगर कोर्टात मी बेलिफ.
लोक म्हणतात, नोटिसा वाटता.
वाटत नाही. बजावतो.
वाटतो तो पोस्टमन.

त्या दिवशी पिशवीत तीन घरभाड्याचे कागद, एक पोटगीचा,
आणि तळाशी हा:
रत्नाकर सोपान अवघडे, वय चव्वेचाळीस, धंदा वादक,
राहणार कासेवाडी,
औषधांना दाद न देणारा क्षय, उपचार दोनदा सोडलेला,
सबब सामनेवाल्याने औंधच्या छातीच्या दवाखान्यात
दाखल होऊन राहावे,
पुढील आदेश होईपर्यंत.

नाझरसाहेबांनी मास्क दिला. एकच.
म्हणाले, लांबूनच वाचा.

लांब म्हणजे किती?
त्या बोळात हात पसरले
तर दोन्ही बाजूंच्या भिंती हाताला लागतात.
रुग्णवाहिका टिंबर मार्केटच्या तोंडाशी उभी,
ड्रायव्हर वडापाव खात.

खिळ्याला बँडचा लाल कोट, आत माणूस नसल्यासारखा
नाही, माणूस नव्हताच, मी उगाच दोनदा पाहिलं.
तो उंबऱ्यात बसलेला, बनियनवर.
मी खणखणीत वाचलं, तीस वर्षांची सवय.
तो माझ्या मास्ककडे बघत राहिला
टीव्ही बंद पडल्यावर बघावं तसा.

द्वारकाबाई आतून म्हणाल्या,
कान गेलेत त्यांचे. इंजेक्शनांनी.
आधी शिट्ट्या वाजायच्या रात्रभर,
मग वरचा सा गेला.
ओठ दिसले तर कळतं थोडंफार.

चार पानांचा हुकूम. बोळातच उभ्यानं
पुन्हा चाळला, पहिल्यापासून.
कानाचा उल्लेख नव्हता.

मी मास्क खाली घेतला.
नियमात बसत नाही, माहीत आहे.
पण वाचून दाखवणं हेही नियमातच आहे.
सावकाश वाचलं, शाळेतल्या पोरासारखं, प्रत्येक शब्दाला तोंड उघडून:
पु-ढी-ल आ-दे-श.

तो त्यावर हसला, मग खोकला,
तोंड भिंतीकडे वळवून, कोपर तोंडावर दाबून
(कोणाच्या हुकुमाविना).
म्हणाला, छाती पाहिजे तर कान द्या म्हणाले.
दिला एक.
दुसरा ठेवला होता साहेब.
छाती बरी झाल्यावर फुंकू कशाच्या भरवशावर?

सही केली. पेन परत देईना.
पुसत बसला बनियनला,
मग म्हणाला, ठेवतो मीच.

उठताना गळ्यातली किल्ली काढून पुढे केली.
पत्र्याच्या पेटीत क्लॅरिनेट, तोंडपट्टीसकट.
पोरगं बारा वर्षांचं. माझ्यामागं फुंकणारच.
बाईंचं काळीज पाझरेल. तुमचं नाही पाझरायचं.

म्हटलं, हे हुकुमात नाही.
म्हणाला, म्हणून तर तुम्हाला देतोय.
तुम्ही बजावता, आम्ही वाजवतो,
अक्षरं जवळपास तीच, बघा.

अहवालात लिहिलं:
समक्ष बजावला, ऐकून समजून सही केली.
'ऐकून' खोडलं.
खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा फॉर्म घेतला,
आणि त्यावर तो शब्द
कुठे टाकावा तेच सुचेना.

दोन पावसाळे झाले. आदेश अजून 'पुढील'च.
किल्ली ड्रॉवरमध्ये, शाईच्या पॅडखाली, निळी पडलेली.
लग्नसराईत वरात कोर्टाच्या भिंतीशी येते.
शांतता क्षेत्र, पाटी आहे.
बँडवाले वाद्यं खाली करतात
आणि तेवढा तुकडा नुसते चालतात,
कोट घालून.