छत्तीस पावलं

गादी दोघींनी उचलली. मी उशाकडून, तू पायथ्याकडून.
रस्त्याच्या मधल्या पिवळ्या पट्ट्यावर आलो
तेव्हा दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, एकाने हॉर्न दिला.
तू म्हणालीस, आई, आत्ता तू मिझुरीत आहेस
आणि मी कॅन्ससमध्ये,
आणि हसता हसता गादी निम्मी डांबराला टेकली.
तो डाग अजून असेल तिच्यावर.

छत्तीस पावलं. मोजली आहेत मी,
आपल्या दारापासून मिसेस प्रुइटच्या तळघरापर्यंत.
आणि फीमधला फरक
माझ्या सव्वा वर्षाच्या पगाराएवढा.
इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करते मी.
चादरींचा हिशेब चुकत नाही माझा.
हा मात्र कधी जुळला नाही.

नियम सोपे होते, म्हणजे वाचायला.
बारा महिने तिकडचं छप्पर,
भाडं स्वतःच्या कमाईचं,
लायसन तिकडचं, गाडीची पाटी तिकडची,
मतदार यादीत नाव तिकडच्या.
आणि माझ्या टॅक्सच्या कागदावर तू नकोस.
जिथे दर एप्रिलला न चुकता
कॉर्लिस अ‍ॅन टिबेट्स लिहीत आले
त्या रकान्यात मी शून्य घातलं.
पेन नीट चालत होतं.
उगीच दोनदा झटकलं.

तू टायरच्या दुकानात लागलीस.
नखांतलं काळं रविवारीही निघेना.
दर एक तारखेला मिसेस प्रुइट चष्मा शोधायची,
आयुष्यात कुणाला पावती न दिलेली बाई,
'मिळाले, रोख' लिहून सही करायची
आणि त्याच हाताने तुला मक्याचा पाव वाढायची.
त्याची पावती नव्हती.
आपला कुत्रा दोन्ही राज्यांत जेवायचा.
त्याला कुणी कागद मागितला नाही, जाड झाला.

जानेवारीत बर्फ पडलं.
आमच्याकडचा नांगर पहाटेच आला,
बरोबर मधल्या पट्ट्यापर्यंत रस्ता खरवडून
मागे वळला.
तुमची बाजू दुपारपर्यंत पांढरी होती.
तुमची बाजू.
तोंडातून गेलं तेव्हा मी सिंकपाशी होते,
नळ तसाच चालू.

मग तो प्रश्न, अर्जाच्या चौथ्या पानावर:
या राज्यात कायमचं राहण्याचा
तुमचा इरादा आहे का?
माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या पेनने,
तू 'हो' लिहिलंस.
मग वर बघितलंस.
मी म्हटलं, अक्षर जरा नीट काढ,
वाचायला हवं त्यांना.

आणि त्या फेब्रुवारीतल्या रात्री.
एकशे तीन ताप, दोन वाजलेले,
उशी काखेत मारून तू अनवाणी रस्ता ओलांडलास.
तुझ्या खोलीत नुसता पलंगाचा सांगाडा,
म्हणून माझ्याच अंगाला चिकटून झोपलीस, तीन रात्री.
मी कामावर आजारी असल्याचं कळवलं.
दिवा लावला नाही.
कोण बघणार होतं? तरी नाही लावला.
अंधारात कपाळावरची पट्टी बदलत राहिले
चोरीचा माल सांभाळावा तशी.

मला वाटलं, हे आपल्या दोघींतच राहील.
पण अर्जात रकाना होता:
राज्याबाहेर काढलेल्या रात्री.
तू लिहिलंस, तीन. कारण, ताप.
ठिकाण, आईकडे.

घर नाही लिहिलंस. बरोबरच आहे.
घर लिहिलं असतंस तर फाईल परत आली असती.

जूनमध्ये पत्र आलं, तिकडच्या पेटीत.
मिसेस प्रुइट ते हवेत हलवत
डावी-उजवी न बघता धावत आली,
या वयात, घरातल्या सपातांवर.

तू आता लॉरेन्सला, तासाभराच्या अंतरावर.
फोनवर विचारतेस, कुत्रा कुणाकडे जेवतो?
दोघींकडे.
गादी अजून तळघरातच आहे.
मिसेस प्रुइट म्हणते, घेऊन जा, ओल लागेल.
जाईन म्हणते.
एकटीला उचलत नाही.